ढोकीच्या चौकातली गाड्यांची मोजणी

ढोकीच्या चौकात उसाच्या बैलगाड्यांची कोंडी होते म्हणून बांधकाम खात्याचा कारकून गाड्या मोजायला आला. कोंडी खरी ठरली तर रस्ता गावाबाहेरून जाणार आणि मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं चहाचं हॉटेल बुडणार होतं. माझ्या दारातल्या दगडी डोणीत बैल पाणी पीत, तोवर गाडीवान चहा घेत.

मी भडकलो. "साहेब, ही कोंडी न्हाय, माझं गिऱ्हाईक हाय!"

"मग डोण परसात न्या की, शेठ. रस्ता मोकळा दिसला तर मोकळाच लिहीन."

डोण मागं ओढली. गाड्याही परसात वळल्या, रस्ता जागेवर राहिला. पण माझी कंबर धरली, म्हणून कारकुनाला एकही चहा फुकट दिला नाही.