टेलरकाकांचा रेडिओ

लोक बातम्या कुठून ऐकतात, हा माझ्या आत्याच्या संशोधनाचा विषय. ती विद्यापीठात शिकवायची. घरात आम्ही तिला आकडेबाई म्हणायचो, कारण भाजी खारट झालीय म्हटलं तरी "किती जणांना वाटतं?" असं विचारायची.

संध्याकाळच्या स्थानिक रेडिओ बातम्या चालू ठेवायच्या की नाही, हे ठरवणाऱ्या सरकारी समितीने तिचा अहवाल उचलला, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. आमच्या जुन्या वस्तीत बहुतेक घरांत रेडिओच नाही, असं त्यात होतं. मग ऐकतंय कोण? समितीने बातम्या बंद करायचं जवळपास ठरवूनच टाकलं.

त्याच आठवड्यात आजी म्हणाली, "पाणी भरून ठेवा गं, उद्या येणार नाहीये."

"तुला कुणी सांगितलं?" आत्याने विचारलं. आजीला धड दिसत नसल्याने पेपर वाचणं केव्हाच सुटलं होतं.

"बातम्यांत सांगितलं. खाली टेलरकाका रेडिओ मोठ्याने लावतात. आम्ही सगळ्याजणी आपापल्या खिडकीत बसून ऐकतो."

"आई, पाहणीवाली मुलगी आली तेव्हा तू 'नाही' सांगितलंस ना?"

"घरात रेडिओ आहे का, असं विचारलं तिने. नाही तर नाहीच सांगणार. ऐकता का, हे कुठे विचारलं?"

मला हसू फुटलं. आत्याचा चेहरा मात्र उतरला. प्रश्न तिनेच लिहिला होता.

समितीच्या पुढच्या बैठकीला मी तिच्यासोबत गेलो. आपल्याच अहवालाविरुद्ध बोलायला धाडस लागतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी रेडिओ मोजले. ऐकणारे मोजायचे राहिले. निर्णय थांबवा, मी पुन्हा पाहणी करते."

अध्यक्ष गोड हसले. "मॅडम, तुमचा अहवाल सगळ्यांनी वाखाणलाय. आता मसुदाही तयार आहे. तुमचं म्हणणं नोंदवून घेतो." मला त्या माणसाचा भयंकर राग आला. चूक हातोहात पुढे गेली होती, दुरुस्ती मात्र फाइलीत जाऊन बसली.

बातम्या बंद झाल्या त्या संध्याकाळी आजी नेहमीसारखी खिडकीत बसली. खालून नुसताच मशीनचा आवाज येत होता.

"टेलरकाकांचा रेडिओ बिघडला वाटतं," ती म्हणाली.

"बिघडला नाही, आई. बातम्या बंद झाल्या. माझ्यामुळे."

आजीने सरकून खिडकीत जागा केली.

"पेपर घेऊन ये आणि इथे बस. मोठ्याने वाच, समोरच्या बायका वाट बघतायत."