शिळं रक्त

बर्फाशिवाय आलेली रक्ताची नळी निर्मलाबाई हातातही घेत नसत. आणणारे विभागप्रमुख असले तरी चष्म्यावरून बघून म्हणत, "शिळं हाये. नवं आणा." नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्या तंत्रज्ञ होत्या आणि मी एम.डी.चा विद्यार्थी. विभागाचं संशोधन संधिवातावर होतं. त्यांची स्वतःची बोटं संधिवातानेच वाकडी झालेली.

हा आजार मला कळला तो त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली. रुग्णाच्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशींची, न्यूट्रोफिलची, झुंबड होती. "रक्तातलं कॉम्प्लिमेंट, जंतूंशी लढणारं प्रथिन, हाका मारते, अन् हे धावत येते. पण जंतू तं हायेच नाही! मंग काय, सांध्यालेच बदडून राहिले." पाठ्यपुस्तकाला एवढंच सांगायला अकरा पानं लागली होती.

प्रबंधासाठी मी रुग्णांच्या रक्तातल्या कॉम्प्लिमेंटची ताकद मोजली. निरोगी लोकांपेक्षा ती फारच कमी निघाली. सांध्यातल्या पाण्यात ती घटते हे माहीत होतं. रक्तात सहसा घटत नाही. म्हणजे शोधच! विभागप्रमुख सरांनी परिषदेसाठी फलक छापून घेतला. त्यावर माझ्या निष्कर्षापेक्षा त्यांचा फोटो मोठा होता.

रजेवरून परतलेल्या निर्मलाबाईंनी फलक शांतपणे वाचला.

"निरोगी लोकांचं रक्त कुठं घेतलं गा डॉक्टर?"

"इथेच, एसीत."

"अन् रोग्यांचं?"

"जरीपटका वस्तीतल्या शिबिरात. स्कूटरच्या डिकीतून आणलं."

"मे महिन्यात? बर्फ?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग तुमचं कॉम्प्लिमेंट डिकीतच मेलं. रोगानं नाही, उन्हानं."

"पण बाई, परिषद आठ दिवसांवर आली. कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं. आता तुलेही कळलं."

'तुम्ही'वरून 'तू'वर त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या नळ्या मांडल्या. निर्मलाबाई रुग्णाच्या खुर्चीत येऊन बसल्या. आखडलेल्या बोटांनी मनगटावरचं घड्याळ काढायला त्यांना बराच वेळ लागला. मदत करू दिली नाही. "घे. पहिली रोगी मी."

संध्याकाळी आकडा आला. अगदी नॉर्मल. माझा शोध त्यांच्या रक्तात बुडाला होता. सरांना काय सांगायचं, या भीतीने मी कागद तसाच निर्मलाबाईंपुढे धरला.

"नॉर्मल?" त्या खुदकन हसल्या. "माझ्या रिपोर्टवर हा शब्द किती वर्षांनी आला रे बाप्पा! दे, घरी दाखवतो."

कागदाची घडी त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि उठल्या.

"चल आता सरांकडे. बोलशील तू. मी फक्त बाजूले उभी राहतो."