शकुबाईची भिंत कोर्टात गेली

आमच्या हिरडटोल्यात शिलाई मशीन आली ती छप्पन साली, आणि ती आणली शकुबाईनं. पुरुषानं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ब्रह्मपुरीच्या बाजारात तेव्हा मशीनवर बसलेले सगळे पुरुषच. शकुबाई माझी शेजारीण. तिचा नवरा वारलू जंगलात बांबू तोडायला जायचा, तो महिना महिना घरी नसायचा. घरी आला तरी दिवसाला तीन वाक्यं बोलायचा, त्यातली दोन बैलाशी.

शिवणं ती कोणाकडे शिकली विचाराल तर कोणाकडेच नाही. दर बाजारी एका शिंप्याला घरची चिंच नेऊन द्यायची आणि त्याच्यासमोर उकिडवं बसून त्याचे हात बघायची. सहा महिने हेच. शेवटी तो शिंपी म्हणाला, "बाई, मशीन घे नाईतर नको घेऊ, पण चिंच बंद कर. मले खोकला झाला."

तिनं मशीन घेतली. हातानं फिरवायची, काळी, तिच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी. चाळीस रुपये रोख, बाकी महिन्याला दहाची किस्त. पहिला झंपर शिवला तो माझ्या बायकोचा, सोनीबाईचा. दोन्ही बाह्या डाव्याच हाताच्या निघाल्या. सोनीबाईनं तो दोन वर्षं वापरला, कारण गावात मशीनवरचा झंपर घालणारी पहिली बाई तीच होती, आणि मान मिळत असेल तर माणूस काखेत थोडं काचलं तरी सोसतो. पण पुढं शकुबाईचा हात असा बसला की आजूबाजूच्या पाच गावांच्या नवऱ्या तिच्या हातचा झंपर घालूनच मांडवात बसायच्या.

किस्त घ्यायला मशीन कंपनीचा माणूस सायकलवर यायचा. उंच, वाळका, काळी टोपी, खांद्याला चामड्याची पिशवी. त्याचं नाव कोणी विचारलं नाही, सगळं गाव त्याला किस्तवालाच म्हणायचं. दर महिन्याच्या दहा तारखेला यायचा, दहा रुपये घ्यायचा, कार्डावर लिहायचा, चहा प्यायचा, लाखोळीच्या डाळीचे वडे खायचा आणि जाताना दोन बांधूनही न्यायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट होता आमचा नाला.

हिरडटोल्याचा नाला एकदा भरला की गाव म्हणजे बेट. त्या साली आषाढापासून चार महिने किस्तवाला फिरकला नाही. शकुबाई मात्र दर दहा तारखेला दहा रुपये मशीनच्या खणात टाकत गेली. आश्विन सरता सरता नाला उतरला, तसा तो सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवत आला. मी तेव्हा तिच्याच पडवीत बसलो होतो, म्हणून पुढचं सगळं मला पाठ आहे.

"बाई, चार किस्ती थकल्या. चाळीस, आन् वर दंडाचे बारा."

"थकल्या कायच्या? वाट पाहून राह्यल्या. हे घे चाळीस."

"आन् बारा?"

"बारा कायचे?"

"उशिराचे."

"उशीर कोणाचा? मी इथीच होती. तूच आला नाई."

"मी कसा येऊ? नाल्याले पूर होता."

"मंग नाल्याकडून घे दंड."

त्याच्यावर कंपनीचा हुकूम होता, बारा सोडून चाळीस घेता येत नाहीत. तिचं म्हणणं, चाळीस घे, बारा देत नाही. त्यानं घेतले नाहीत. ती बाईही अशी की पैसे परत खणात टाकले आणि त्याला म्हणाली, "चहा पिऊन जा, त्याचा दंड नाई."

पण पुढच्या महिन्यापासून त्याची चाल बदलली. तो चौकात उभा राहून सायकलची घंटी वाजवायचा आणि लोक जमले की सांगायचा, शकुबाईनं कंपनीचे पैसे बुडवले, आता मशीन जाते, बाई जेलात जाते. जेलची गोष्ट धादांत खोटी होती, पण आम्हाला काय ठाऊक? शकुबाईनं तिसऱ्या खेपेला त्याच्यासाठी अंगणात पाट टाकला. "तिथी उन्हात उभा राहून काऊन बोंबलतं? इथी सावलीत बसून बोंबल." लोक हसले, पण त्याच आठवड्यात दोन घरांनी आपापलं कापड परत नेलं. मशीन जप्त झाली तर तिच्यासोबत आपलं कापडही जाईल, ही भीती.

आता खरी गंमत. कंपनीनं ब्रह्मपुरीच्या कोर्टात दावा लावला. कोर्टाचा बेलिफ, खाकी कपड्यातला एक म्हातारा, नोटीस घेऊन पौषात गावात आला. पौषात आमच्याकडे सगळं गाव खळ्यावर असतं, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चाललेली. शकुबाई खळ्यावर, वारलू जंगलात, घर बंद. असं असलं की बेलिफानं कागद दारावर चिकटवायचा असतो. पण शकुबाईचं दार म्हणजे बांबूची ताटी, तिच्यातून मांजर आरपार जायचं. कागद चिकटेल कशाला? म्हणून त्यानं तो दाराशेजारी भिंतीवर चिकटवला. साक्षीला पारावर बसलेले दोन म्हातारे, लटारू आणि झाडू, यांचे अंगठे घेतले. दोघांनी अंगठे दिले आणि संध्याकाळी शकुबाईला सांगितलं, "मलेरियावाला येऊन गेला, कागद लावून गेला."

त्यांचा तरी काय दोष? त्या वर्षात फवारणीवाले खाकी घालून दोनदा गावात येऊन गेले होते. घरात औषध मारायचे आणि भिंतीवर तारीख, आकडे, काही ना काही लिहून जायचे. खाकीतला माणूस भिंतीला हात लावतो म्हणजे तो मलेरियावालाच, हे गावाला पक्कं झालं होतं. मी चौथी पास. त्या कागदाच्या पुढून दिवसातून दहादा जात होतो. एकदाही वाचला नाही.

आणि पंधरा दिवसांवर गावची मंडई, म्हणजे आमची जत्रा. मंडईला सगळे सोयरेधायरे येणार, रात्रभर नाटक होणार. घर लिंपल्याशिवाय पाहुण्यांना तोंड कसं दाखवायचं? शकुबाईनं नाल्याकाठची पांढरी छुई माती आणली, कालवली आणि घर असं पांढरंफेक केलं की उन्हात डोळे दिपावेत. कागद छुईखाली गेला. त्यात लिहिलेली तारीखही गेली. ती तारीख आली आणि निघून गेली. कोर्टात तिचं नाव पुकारलं, कोणी ओ दिली नाही, आणि एकतर्फी निकाल लागला: उरलेले सगळे पैसे एकरकमी, दंड, खर्च, नाहीतर मशीन जप्त.

हे आम्हाला कळलं फाल्गुनात. तोच म्हातारा बेलिफ आणि त्याच्यामागं किस्तवाला अंगणात उभे. शकुबाई मशीनवर होती. कमळा नावाच्या मुलीचं लग्न चार आठवड्यांवर आलं होतं आणि तिचे पाच झंपर शिवायचे होते. जप्तीचा शब्द ऐकून तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"तारखेले काऊन नाई आली बाई?" बेलिफ म्हणाला.

"कोणत्या तारखेले?"

"नोटिशीत लिवलं होतं. मी सोता इथी चिपकवली."

"कुठी?"

म्हाताऱ्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंत दुधासारखी. तो जवळ गेला, तळहातानं चाचपत राहिला, जसं आपण अंधारात काडेपेटी शोधतो. मग एका जागी थांबला आणि नखानं खरडलं. छुईची खपली निघाली आणि खाली कागदाची कड दिसली.

"अरे देवा," म्हातारा म्हणाला, "तू त कोर्टालेच लिपून टाकलं."

किस्तवाला म्हणाला, "हे सारं ढोंग आहे. उचला मशीन."

बेलिफ त्याच्यावर खेकसला, "तुम्ही चूप बसा. कायदा माह्या हातात आहे, तुमच्या नाई." मग त्यानं दोन गोष्टी केल्या, त्या मी जन्मभर विसरणार नाही. मशीन ब्रह्मपुरीला न नेता सुपूर्दनाम्यावर माझ्या ताब्यात दिली. म्हणजे कोर्टाचा पुढचा हुकूम येईस्तोवर मशीन माझ्या घरी, मी जबाबदार, कोणी चालवायची नाही. आणि शकुबाईला सांगितलं, "आज कळलं ना? आजपासून तीस दिवसाच्या आत कोर्टात जाय. सांग, मले मालूम नोहतं. घरी रडत बसली त मशीन गेली समज."

ते दोघं गेल्यावर, आदल्याच दिवशी जंगलातून आलेला वारलू म्हणाला, "कोर्ट विश्वास ठेवीन का?" त्या दिवसाचं ते त्याचं पहिलंच वाक्य. शकुबाईनं कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सबल आण."

"कायले?"

"भिंत घेऊन जाऊ."

वारलूनं सबलीनं, म्हणजे पहारीनं, कागदाच्या चारी बाजूंनी हळूहळू भिंत कोरली. भाकरीच्या परातीएवढं मातीचं ढेकूळ निघालं, वर छुई, छुईखाली कागद, कागदाखाली माती. घराला भोक पडलं, त्यातून चूल दिसायला लागली. ते ढेकूळ टोपलीत धानाच्या तणसावर ठेवलं आणि आम्ही माझ्या बैलगाडीतून ब्रह्मपुरीला निघालो. रस्ता कसा होता ते विचारू नका. शकुबाईनं टोपली मांडीवर घेतलेली. प्रत्येक खड्ड्याला मला म्हणायची, "मुखरूभाऊ, हळू, भिंत पडते."

कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसानं दीड रुपयात अर्ज लिहिला. सगळं ऐकून त्यानं टोपलीत डोकावलं आणि विचारलं, "हे अर्जाला जोडायचं आहे का?" ती म्हणाली, "हो. सुई-धागा चालत नाई, नाईतर मीच जोडली असती."

जज तरुण होता. शकुबाईनं टोपली सरळ त्याच्या टेबलावर ठेवली. शिपाई धावला.

"हे काय आहे?" जजनं विचारलं.

"भिंत, साहेब."

कारकुनानं तोंडावर फाईल धरली. जजनं अर्ज वाचला, मग कागदकापणीची सुरी उचलून ढेकळाकडे वळला. शकुबाईनं त्याचा हातच अडवला. "थांबा साहेब. कोरडं खरडलं त फाटते." तिनं शिपायाकडून लोटाभर पाणी घेतलं, छुईवर शिंपडलं, दम धरला आणि उसवलेल्या शिवणीचा धागा ओढावा तशी अंगठ्याच्या नखानं छुईची साल उलगडली. खाली नोटीस. तिचं नाव, कोर्टाचा शिक्का, तारीख. अक्षरं फुगली होती, पण वाचता येत होती.

"तुम्ही यावर सारवलं का?"

"मलेरियावाल्याईचा कागद समजली."

"फवारणीनंतर भिंती लिंपू नका, असं ते लोक सांगतात ना?"

"सांगतलं होतं."

"मग?"

"मंडई होती, साहेब."

जज खिडकीबाहेर बघत बसला. खांदे हलत होते त्याचे. मग तोंड नीट करून त्यानं जुना निकाल रद्द केला आणि दावा पुन्हा ऐकायला तारीख दिली, तीन आठवड्यांनी. ते तीन आठवडे मशीन माझ्या पडवीत. शकुबाई रोज संध्याकाळी यायची आणि तेल द्यायची. मी सुपूर्ददार, मी म्हणायचो, बाई, हात लावायला मनाई आहे. ती म्हणायची, "चालवायले मनाई आहे. तहान लागलेल्याले पाणी द्यायले नाई."

पुढच्या तारखेला जजनं किस्तीचं कार्ड मागितलं. शकुबाईनं दिलं. त्यावर छापलेलं होतं की कंपनीचा माणूस दर महिन्याला घरी येऊन रक्कम घेईल. जजनं ते मोठ्यानं वाचलं आणि किस्तवाल्याला विचारलं, "त्या चार महिन्यांत तुम्ही यांच्या घरी गेलात का?"

"साहेब, नाल्याले पूर होता."

"तुम्हाला सायकलवर जाता आलं नाही, तर यांनी काय पोहत यायचं होतं?"

किस्तवाल्यानं टोपी काढली, परत घातली. शकुबाईनं पदराची गाठ सोडून चाळीस रुपये टेबलावर ठेवले. त्याच दहाच्या चार नोटा, मशीनच्या तेलाचे डाग पडलेल्या. त्यानंतर आजवरच्या किस्तीही तिनं आणल्या होत्या, त्याही ठेवल्या. जजनं दंड काढून टाकला, बाकीची रक्कम पूर्वीसारखीच महिन्याच्या किस्तीनं भरायची परवानगी दिली आणि मशीन तिला परत द्यायचा हुकूम लिहिला. वर हेही म्हणाला की पावसाळ्यात माणूस आला नाही तर नाला उतरताच पैसे मनीऑर्डरनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. "भिंतीला चिकटवू नका," म्हणाला.

बाहेर किस्तवाला सायकलला टेकून उभा होता. त्याच्याजवळून जाताना शकुबाई थांबली. मला वाटलं, आता ही चार शब्द सुनावणार.

"जेवला का?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, नाही. तिनं फडक्यातून दोन भाकरी आणि चटणी काढून दिली. "दहा तारखेले ये. पण चौकात घंटी नको वाजवू. सरळ घरी ये."

"येईन, बाई," तो म्हणाला.

दिवस बुडताना आम्ही गावात पोचलो. शकुबाई गाडीतून उतरली ती स्वतःच्या घरी न जाता सरळ माझ्या पडवीत. मी आपला सुपूर्ददार, म्हणालो, कागद दाखव. तिनं हुकूम पुढं केला. "वाच."

मी वाचला, शिक्क्यासकट.

"अजून एकदा."

परत वाचला. तिकडे सोनीबाई मशीनवरचं फडकं काढत होती. कमळाचं लग्न परवावर आलेलं, पाचांतला एकही झंपर तयार नव्हता, आणि कमळाची आई कापड घेऊन दारात उभीच होती. शकुबाईनं मशीन घरी न्यायचीही वाट पाहिली नाही. माझ्याच पडवीत फतकल मारली, सुईत धागा ओवला आणि चाकाला हात घातला.

"सोनीबाई," ती म्हणाली, "कंदील आण, आन् बाही धर इकडून. उजवी आहे ना पाहून घे."