सावकाश या

माझ्या ताईला कोणी शांत म्हटलं की मला अजूनही राग येतो. शांत कसली! लहानपणी कॅरममध्ये हरली की सोंगट्या खिडकीबाहेर भिरकावणारी ती. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी नऊची. महिनाभरात तिला हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली आणि तिथे तिने स्वतःला वेसण घातली.

तिचं काम वाईट होतं. वॉर्डातून चिठ्ठी आली की पेशंटच्या घरी फोन करायचा. पहिल्याच आठवड्यात एका बाईला ती घाबऱ्या आवाजात "लवकर या" म्हणाली. बाई जिवाच्या आकांताने निघाली ती जिन्यावरून गडगडली, पाय मोडून बसली. ते ताईने मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून बातमी कसलीही असो, ती आधी एक मोठा श्वास घ्यायची आणि एकाच सुरात सांगायची, सावकाश या, आम्ही आहोत इथे. अडतीस वर्षं हेच केलं तिने.

बरं, तो सूर हॉस्पिटलात ठेवून यावा की नाही? घरीही तोच. माझं लग्न ठरल्याचं तिने त्याच सुरात सांगितलं आणि स्वतःचं मोडल्याचंही. खोदून विचारलं तर म्हणायची, आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला? मी पडले आदळआपट करणारी, माझ्या घरात खुट्ट झालं तरी शेजारी कळतं. ही मात्र दोन खोल्यांत एकटी. दर रविवारी फोन मीच करायचा. आपणहून ती कधी करत नसे. अवेळी फोन वाजला की माणसाच्या पोटात गोळा येतो, म्हणायची.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी, एका मंगळवारी, तिचेच फोन आले. सकाळी विचारलं, मिक्सरचं भांडं तुझ्याकडे राहिलंय का? दुपारी विचारलं, लेकीची परीक्षा कधी आहे? संध्याकाळी मी कपड्यांच्या ढिगात बसले होते, तेव्हा परत वाजला. कामात आहेस का, म्हणाली.

"हो गं, काय ते पटकन बोल," मी खेकसले.

"काही नाही. बोलू नंतर."

गुरुवारी हॉस्पिटलातून फोन आला. ताईच्या खुर्चीवर आता जी मुलगी बसते तिचा, ताईनेच शिकवून तयार केलेली. ताईंचं ऑपरेशन झालंय, शुद्धीवर आहेत, सावकाश या. मी कशी पोचले ते मलाच ठाऊक नाही. पोटातली गाठ काढली होती. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, ती त्या मुलीने केली होती. ते ऐकलं आणि माझा तिळपापड झाला. टाके घातलेल्या माणसाशी भांडू नये, पण मी भांडले. सख्खी बहीण जिवंत असताना परक्या पोरीची सही? मला मेलीला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही? असं काय काय बोलले, आणि बोलता बोलता रडायलाच लागले.

ताईने मला पुरतं बोलू दिलं. मग एक मोठा श्वास घेतला, तेवढ्यानेही तिला दुखलं असणार.

"सांगितलं होतं की गं," ती म्हणाली. "एका दिवसात तीनदा फोन केला."

आवाज तोच. ती रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.