शिडाचं जहाज पाहिलेला माणूस

आमच्या गावात खोटं बोलणारे ढीगभर होते, पण फेकू म्हणून नाव पडलं ते फक्त माह्या सासऱ्याचं. टिकाराम मामाजी पानठेल्यावरून चालले की कोणी ना कोणी हाक मारेच, "कका, आज किती जर्मन धरले?" मामाजी हसत अन् पुढं जात. मले मात्र मेल्यावानी होये. चौऱ्याहत्तरात लग्न होऊन आली मी, अन् आठ दिवसांत कळलं का आपण जर्मनवाल्याच्या घरची सून झालो.

आंबागडच्या किल्ल्याखाली, तलावाच्या पाळीले, म्हणजे बांधाले लागून आमचा ढिवरांचा, मासोळी धरणाऱ्यांचा मोहल्ला. इथला माणूस लय झालं तं वैनगंगेपर्यंत जाते. मामाजी समुद्रावर गेले होते. सतरा-अठरा वर्षांचे असताना मँगनीजच्या खाणीत काम करत, तिथं मुकादमाशी वाजलं अन् रागारागात तुमसर रोड टेशनावरून हावड्याच्या गाडीत बसले. कलकत्त्याच्या गोदीत नोआखालीचा एक म्हातारा सारंग भेटला. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. पोराचे हात जाळ्यावर, दोरावर चालतात हे पाहून त्यानं मामाजीले मालाच्या जहाजावर खलाशी म्हणून लावून घेतलं. तवा जर्मनची मोठी लढाई चालू होती.

आता ते गोष्ट. मी शंभरदा ऐकली, म्हणून त्यांच्यासारखीच सांगते.

आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून यांचं जहाज चाललं होतं. दुपारच्या वक्ताले दोन डोलकाठ्यांची, शिडाची एक नाव दिसली. लढाईत नसलेल्या कोणत्यातरी देशाचा झेंडा, कठड्यावर वाळत टाकलेली जाळी, चार-पाच माणसं हात हालवून राहिलेली. जहाजाच्या साहेबानं दुर्बीण लावली अन् म्हटलं, कोळी आहेत, चला पुढं. लोखंडाच्या जहाजांची लढाई, तिथं शिडाच्या नावेले कोण भ्यायचं?

मामाजीले दुर्बीण कोण देते? पण नाव जवळून गेली तवा त्यायनं जाळी पाहिली. पांढरी सफेद, कुठंच सांधलेली नाही. ढिवराच्या घरी जाळं पाण्यात कमी अन् मांडीवर जास्त राहाते. खेकडा फाडते, खुंट फाडते, दर दोन दिवसाले सुई घेऊन बसा लागते. जुन्या जाळ्यात मूळचा दोरा कमी अन् गाठीच जास्त. अन् या नावेच्या शिडाले ठिगळं, रंग उडालेला, पण जाळ्याले एक गाठ नाही. वरतून एक पक्षी तिच्यावर घिरट्या घालत नव्हता. मासोळीची नाव अन् पक्षी नाही, असं कुठं होते काय?

मामाजी सारंगाले म्हणाले, "हे कोळी नाहीत. यायनं जाळं पाण्यात टाकलंच नाही." सारंगानं साहेबाले सांगतलं. साहेब आधी हसला, मग परत दुर्बीण लावली, मग बिनतारी यंत्रावर गेला. पंधरा दिवसांनी बंदरात पोहोचले तवा एका गोऱ्या अधिकाऱ्यानं दोघांले खोलीत बोलावलं. अडवली तं नाव जर्मनची निघाली होती. इंजिन चालत नाही म्हणून आवाज नाही, धूर नाही, कोणाले शंका नाही. पोटात हेर अन् बिनतारी यंत्रं घेऊन, ओसाड किनाऱ्यावर गुपचूप उतरवाले चालली होती. अधिकाऱ्यानं मामाजीचा हात हातात घेतला, अन् त्याच हाताचा अंगठा एका कागदावर घेतला का हे कोणाले सांगाचं नाही.

मामाजीनं सांगतलंही नाही. लढाई सरली, गावाले आले, लग्न केलं, सासूबाई गेल्या, तोंडातून चकार शब्द नाही. मग एक्काहत्तरच्या लढाईत पानठेल्यावरच्या रेडिओत जहाजं बुडाल्याची बातमी लागली, तवा यांच्या तोंडातून निघून गेलं. ज्याले वचन देल्लं त्याचं राज्यच गेलं, आता काय हरकत आहे, असं त्यायले वाटलं. लोकं पोट धरधरून हसले. जर्मन, अन् शिडाच्या नावेत? पुरावा दाखवा म्हणाले. पुरावा कुठून आणाचा? कागद होता तो त्या गोऱ्या अधिकाऱ्याकडं, अन् त्याच्यावर अंगठा यांचा.

एकदा तं मले शीड समजावून सांगाले आंगणात बांबू रोवला अन् वाळत घातलेलं माह्यं लुगडं त्याले बांधलं. वाऱ्यानं फुगलं तं फुगलं, काठापासून टराटरा फाटलं. मी बोलाले कमी केलं नाही. "मामाजी, तुमच्या जर्मनापायी मी काय गोणपाट नेसू काय?" ते बिचारे सुई-दोरा घेऊन लुगडं सांधत बसले. गाठ मात्र त्यायची जहाजावरची होती, सारंगानं शिकवलेली. सारी लोकं गाठ मारतात तं पीळ डावीकडं जाते, मामाजीचा उजवीकडं जाऊन परत आत घुसे. अशी गाठ आमच्या तालुक्यात दुसरं कोणी मारत नव्हतं.

आता एकोणऐंशीचा वैशाख. आमच्या तलावात सालभर मासोळी वाढवतात अन् वैशाखातल्या ठरल्या दिवशी सारा मोहल्ला एकदम उतरते. पहिलं जाळं मानाच्या घरच्या वडील माणसाचं, म्हणजे मामाजीचं. त्याच्या आधी कोणी जाळं टाकलं तं त्या घराले वर्षभर तलाव बंद. हा कायदा आमच्या आज्या-पणज्यापासूनचा.

ठरल्या दिवसाच्या चार दिवस आधी माहा भाऊ पाहुणा येणार होता. त्याले मरळ खाऊ घालाची मले लय हौस. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण इथं घ्याच लागते. तेजरामले मीच डिवचलं, का ढिवराच्या घरी पाहुण्याले वांगे खाऊ घालाचे काय? ते पहाटे बापाचं जाळं घेऊन गेले. एकदा टाकून ओढलं, तेवढ्यात पावलांचा आवाज आला म्हणून जाळं बेशरमाच्या झुडपात फेकून रिकाम्या हातानं परत आले. मामाजीले आम्ही दोघांनीही काही सांगतलं नाही.

सकाळी राखणदार सुखरामले ते ओलं जाळं सापडलं. मोहल्ला समाजमंदिरापाशी जमला. बाजूच्या गावचा इश्वर त्या पहाटे सायकलनं पाळीवरून गेला होता, त्याले धरून आणून ओट्याखाली बसवलं. तो हात जोडून सांगून राहिला होता का मी तं दवाखान्यात चाललो होतो, पण ऐकते कोण? आमच्या मासोळीच्या संस्थेचे अध्यक्ष केवळराम म्हणाले, पोलिसात द्या. तेजराम मागं उभे. मी बायांमध्ये.

तेवढ्यात मामाजी आले. केवळराम हसत म्हणाले, "या कका. तुमी तं जाळं पाहून जर्मन ओळखता, आता चोर ओळखा." सारे हसले.

मामाजी खाली बसले, जाळं मांडीवर घेतलं अन् बोटानं चाचपत गेले. एका कोपऱ्यात बोट थांबलं. मले माहीत होतं तिथं काय आहे, मागच्याच आठवड्यात खेकड्यानं फाडलेलं त्यायनं सांधलं होतं. त्यायनं मान वर करून मले पाहिलं. मी हळूच मान हालवली, नका बोलू म्हणून. माह्या जन्मात मी कोणाची इतकी विनवणी केली नाही.

"इश्वरले सोडा," मामाजी म्हणाले. "हे गाठ माही आहे. जाळं माह्या घरचं आहे. मी नेलं नाही, तं माह्या पोरानं नेलं."

कोणी हसलं नाही. सुखराम जवळ येऊन हळूच म्हणाला, "कका, आपलेच दात, आपलेच ओठ. राहू द्या ना, आमी काही आयकलं नाही." मामाजी म्हणाले, "तुमी नसन आयकलं, मी तं बोललो." तेजराम समोर आले अन् खाली मान घालून कबूल झाले. इश्वर मामाजीच्या पाया पडाले वाकला, तं त्यायनं त्याचा हात धरून उभं केलं अन् म्हटलं, "जा बावा, दवाखान्यात जा."

आमच्या घराले तलाव बंद झाला. मी सासऱ्याशी बोलणं टाकलं. ताट आदळून वाढे. ते जेवत, पाणी पीत, उठून जात. चार दिवस असे गेले.

जाळ्याचा दिवस आला. मोहल्ला पाळीवर गेला, आम्ही तिघं घरी. सूर्य वर आला तरी तलावावरून आवाज नाही. पाहाते तं सारे लोकं जाळी खांद्यावर घेऊन आमच्याच आंगणात. केवळराम पुढं. म्हणाले, "कका, चला. पहिलं जाळं तुमचं. लोकं थांबले आहेत."

"बंदी घराले आहे, मी घरातच राहातो," मामाजी म्हणाले. "कायदा माह्यासाठी वेगळा काहून? सुखरामले टाकू द्या."

केवळराम तिथंच मातीत मांडी घालून बसले. मग म्हणाले, "मंग ते जहाजाचं सांगा. शिडाचं. मी कधी नीट आयकलंच नाही." मागून एकजण खिसकन हसला. केवळरामनं मागं वळून पाहिलं. "चूप बस. ज्यानं पोटच्या पोराचं नाव लपवलं नाही, तो जर्मनचं खोटं कायले सांगन?"

सारा मोहल्ला आंगणात बसला. मामाजी उठले. त्यायनं कोपऱ्यातला बांबू उचलला, रोवला, अन् मग इकडंतिकडं पाहाले लागले. काय पाहून राहिले ते मले कळलं. मी आत गेली, पेटी उघडली अन् लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. बाहेर येऊन बांबूले मी माह्या हातानं बांधलं, अन् चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"सांगा मामाजी," म्हटलं. "फाटलं तं तुमीच सांधसान."