नूतनच्या नावाचा टॅग

रिसालीची नूतन हटवार तशी कुणाला घाबरणारी नाही. तिला धाक एकट्या बाबांचा.

भाऊ शुभम तिच्याच कॉलेजात, एक वर्ष मागे. स्वारीने मोटरसायकल पुसली तरी काळा चष्मा लावून इन्स्टाग्रामवर फोटो! नूतनच्या खात्यावर मात्र गुलाबाचं फूल आणि नावही 'गुलाब'. त्या फुलाआड ती कूलर, मिक्सर दुरुस्तीचे व्हिडिओ टाकते. दिसतात फक्त हात. चार हजार लोक बघतात, घरी कुणाला पत्ता नाही. बाबांना कळलं तर खातं बंद होणार, ही तिची धास्ती.

मार्चमध्ये सरांनी वर्गात कागद वाटले : सोशल मीडिया किती वापरता? वर नावही लिहायचं होतं. इथेच माशी शिंकली. मुलांनी ऐटीत 'रोज पाच तास' लिहिलं, मुलींनी एकजात 'वापरत नाही'. सरांनी मुलींना शाबासकी दिली.

नूतनचं डोकं फिरलं. मलाही अशा शाबासकीचा रागच येतो. ती उभी राहिली आणि म्हणाली, नाव लिहायचं होतं म्हणून आम्ही खोटं लिहिलं. 'गुलाब' मीच आहे.

बातमी शुभमकडून तिच्याआधी घरी पोचली. देवानंद, म्हणजे बाबा, स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. मोबाइलवर तिचेच व्हिडिओ बघत बसले होते. नूतन आत येताच त्यांनी विचारलं :

"कावून लपवलं?"

"पोरीचं तोंड दिसलं का लोक नावं ठेवतात, बाबा. शुभमले कोणी काई म्हणत नाई."

बाबांनी आणखी एक व्हिडिओ पूर्ण पाहिला. मग म्हणाले, "मशीनले हात लावाच्या आधी मी स्विचवर माह्या नावाचा टॅग लटकवतो. कोण काम करून राहिलं ते साऱ्याईले दिसलं पायजे. बिनानावाचं काम आमच्या इथं चालत नाई. तू कावून करून राहिली?"

नूतनला रडूच आलं.

"रडू नको. अन् बोर्डातली पिन न काढता कूलर खोलला तू. ते पयले सुधर."

रविवारी नवा व्हिडिओ आला. नूतन समोर बसली होती, चेहऱ्यासकट. तिने आधी कूलरची पिन काढली आणि तिला एक टॅग बांधला. त्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं : नूतन देवानंद हटवार.