कापूस वेचणारी

माझे वडील शाळेत चित्रकला शिकवत. सत्तरच्या दशकात आमच्या गावच्या बागेसाठी त्यांनी कापूस वेचणाऱ्या बाईची पितळी मूर्ती केली. समोर बसवायला त्यांनी जवळच्या आंजी गावची एक मजूर बाई आणली होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

मी कॉलेजात असताना एका सकाळी बागेतला चौथरा रिकामा दिसला. मूर्ती कोणीतरी पहारीनं उखडून नेली होती. वडिलांबरोबर मी ठाण्यावर गेले. जमादारानं लिहून घेतलं, ‘पितळ, एक नग.’

“मूर्ती लिहा,” वडील म्हणाले.

“पितळच नं ते, मास्तर? वजन किती होतं?”

वडील त्या मूर्तीसाठी वर्षभर राबले होते, तेही शाळा सुटल्यावर. वजन मात्र त्यांना सांगता येईना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पंधरा-वीस दिवसांनी आर्वीच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे फुटक्या घागरींखाली मूर्ती सापडली. गाल चेपला होता, कापूस भरायच्या ओटीचा काठ तुटला होता. ती ठाण्यात आणली, तर बागेचा कारभार पाहणारे साहेब म्हणाले, “ही आपलीच कशावरून? फोटो आहे का?” पाच वर्षं रोज तिच्यासमोरून ऑफिसला जाणारा हा माणूस!

दुसऱ्या दिवशी वडील आंजीला गेले आणि मावशीला घेऊन आले. तिनं मूर्तीचा चेपलेला गाल पदरानं पुसला आणि आपला डावा हात साहेबांपुढे धरला. करंगळी आत वळलेली होती.

“कडबा कापताना इळा लागलता, तवापासून वाकडी हाये. आता तिची पाहा.”

मूर्तीची करंगळीही तशीच वळलेली होती. जमादार वाकून दोन्हीकडे पाहत राहिला.

“ठीक आहे, आपलीच आहे,” साहेब म्हणाले. “पण आता गोदामातच ठेवू. पुन्हा गेली तर जबाबदारी कोणाची?”

“चोर मोकळा फिरून राह्यला अन् मले कोंडता काऊन?” मावशी म्हणाली. ती ठाण्याच्या पायरीवर बसली ती दुपारपर्यंत उठलीच नाही. बाजाराचा दिवस होता. येणारेजाणारे थांबून विचारू लागले, ती प्रत्येकाला सगळं सांगू लागली. शेवटी साहेबांनी मूर्ती बागेत परत बसवायच्या कागदावर सही केली.

मूर्ती सिमेंटमध्ये पक्की बसवली, तेव्हा मंडप घातला होता. मूर्ती परत मिळवल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. मावशीला कोणी खुर्चीसुद्धा दिली नाही. ती कुंपणाजवळ उभी होती. वडील व्यासपीठावरून उतरले आणि भाषण संपेपर्यंत तिच्या शेजारी उभे राहिले. मीही गेले. टाळ्या आम्ही वाजवल्या नाहीत.

“मावशी, तुले राग नाई आला?” मी विचारलं.

“आला नं. पण बस निघून जाईन. वेचणी चालू हाये.”

तिला बसमध्ये बसवून आम्ही घरी आलो. वडील त्या रात्री जेवले नाहीत. त्या साहेबांचा चेहरा आठवला की मला आजही तितकाच राग येतो.